सांडलेले तांदूळ

मी रंगखात्यातली. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये सात वर्षं काढली आणि मग जावा बेटावर, सोलोजवळच्या एका कापड गिरणीत डाइंगची केमिस्ट म्हणून आले. कापडावर गंजाचा डाग पडला तर काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाणी, पाच मिनिटं, मग भरपूर धुणं. माझ्या पहिल्यावहिल्या केरिसचं, म्हणजे जावाच्या पारंपरिक कट्यारीचं, जे वाटोळं झालं, ते या ज्ञानापायी.

सोलोचं दरबारी नाव सुराकार्ता. तिथे मंकुनगरन राजवाड्यासमोर त्रिविंडू नावाचा जुन्या वस्तूंचा बाजार आहे. विंडू म्हणजे आठ वर्षांचं चक्र. मंकुनगरा सातवे यांच्या राजवटीला तीन विंडू, म्हणजे २४ वर्षं झाली, त्याच्या आठवणीचं हे नाव. सुट्टीच्या दिवशी मी तिथे बाटिकचे तांब्याचे ठसे बघत फिरायची. तीन घेतलेही होते. २०१८ च्या जुलैत असेच ठसे उलटेपालटे करताना खालून एका लाकडी म्यानाचं टोक दिसलं. ओढून बघितलं तर आतलं पातं जागचं हलेना, गंजाने आतून धरून ठेवलेलं. दुकानदाराने म्यानाला हळूहळू टिचक्या मारल्या तेव्हा कुठे तपकिरी भुसा सांडत ते बाहेर आलं.

पातं सरळ होतं. केरिस म्हटलं की नागमोडी पातंच डोळ्यांपुढे येतं. पण सरळही पुष्कळ असतात, आणि नागमोडी असेल तर वळणं कायम विषम. सात, नऊ, तेरा, पण आठ कधीच नाहीत. दुकानदाराने आधी मला बाईमाणूस म्हणून पात्रेम दाखवला. पात्रेम म्हणजे बायकांचा छोटा केरिस. पण माझं लक्ष त्या गंजक्यावरच. किंमत विचारली तर म्हणाला, "माहार आठ लाख." रुपिया, म्हणजे आपले चारेक हजार. केरिस विकला, विकत घेतला, असं इथे तोंडावर म्हणत नाहीत. मेहर देऊन घरी न्यायचा. शब्द तोच, आपल्याकडे मुसलमानांच्या लग्नात असतो तो. आईला फोनवर सांगितलं की मेहर देऊन एक जण घरी आणलाय. फोटो बघून ती म्हणाली, "अगं, हे तर विळीचं पातं."

दुकानदाराने तो किती जुना याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माजापाहित या जावाच्या जुन्या साम्राज्याच्या काळातला, हे रिक्षात बसल्या बसल्या माझं मीच ठरवलं.

मग जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. लॅबमधून ऑक्झॅलिक आणलं, उंच बरणीत पाणी केलं, पातं उभं बुडवलं. पाच मिनिटांनी काढायचं होतं. तेवढ्यात गिरणीतून फोन आला की जिगरवरचा, म्हणजे रंगाईच्या मशीनवरचा, गडद निळा शेड लॉटला जुळत नाहीये, ताबडतोब या. परत यायला रात्रीचे अकरा वाजले. गंज बऱ्यापैकी उतरला होता, पण पात्यावर हळदीसारखी पिवळी भुकटी चिकटली होती. लोखंडाचं ऑक्झॅलेट. पाण्यात विरघळत नाही. कापडावर पाच मिनिटांत धुऊन टाकल्यामुळे ते कधी दिसायची वेळच येत नाही. मी घाबरून भांड्याची हिरवी घासणी घेतली आणि चोळत सुटले. एका जागी, बुडापासून चार बोटं वर, अंगठ्याएवढा भाग स्टीलच्या ताटासारखा चकाकायला लागला, तेव्हा थांबले.

एवढ्यावर भागलं नाही. मूठ पिळून काढायला गेले, तर मूठ निघाली आणि तिच्यामागोमाग पात्याच्या बुडाशी असलेली आडवी पट्टीही सुटून ओट्यावर पडली. टण्ण. त्या आवाजाने माझी झोप उडाली ती उडालीच.

दुसऱ्या दिवशी डिझाइन खात्यातल्या सहकाऱ्याला फोटो दाखवले. त्याचे आजोबा बाटिकवाले, सोलोतल्या लावेयान या बाटिकच्या पेठेतले. त्याने फोटो बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "संध्याकाळी एका म्रांग्गीकडे जाऊ." म्रांग्गी म्हणजे केरिसची म्यानं करणारा कारागीर. पातं घडवणारा तो एम्पू. सोलोतल्याच एका बोळात हे म्रांग्गी राहतात. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना म्बाह म्हणतात, म्हणजे आजोबा. मला ते म्बाक म्हणायला लागले, म्हणजे ताई.

मी पातं वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. म्बाहनी आधी कागद बाजूला केला, एक धुतलेलं फडकं पसरलं, पातं दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. मग चष्मा चढवला. सुटलेली पट्टी हातात घेऊन हसले. म्हणाले, "ही तुटलेली नाही. ही वेगळीच असते." तिचं नाव गांजा (आपल्या गांजाचा इथे काही संबंध नाही). पातं आणि गांजा एकाच लोखंडातून, पण दोन तुकडे. गांजाला मधोमध भोक, आणि पात्याच्या बुडातून निघणारा बारीक दांडा, पेसी, त्यातून ओवलेला असतो. पट्टीच्या एका टोकाला म्हणायचं पालीचं डोकं, दुसऱ्याला पालीचं शेपूट. एकदा हे ऐकलं की ती पट्टी पट्टी दिसतच नाही, भिंतीला चिकटलेली पालच दिसते.

माजापाहितचं मी घाईघाईने विचारून टाकलं. म्बाहनी पातं वजन करावं तसं तळहातावर तोललं, नखाने दोनदा टिचकी मारून आवाज ऐकला. "सगळ्यांचे माजापाहितचेच असतात," एवढंच म्हणाले. आकाराचं नाव मात्र त्यांनी लगेच सांगितलं, तिलाम उपिह. सरळ पातं, बुडाशी अंगठा ठेवायला खोलगट जागा, फार कलाकुसर नाही. उपिह म्हणजे पोफळीची विरी आणि तिलाम म्हणजे अंथरूण. बाप संसाराला लागलेल्या मुलाला देतो तो केरिस हा, असं म्हणाले. लढाईसाठी नाही, घरासाठी.

मग त्यांचं बोट त्या चकाकत्या डागावर आलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

"इथला तांदूळ तुम्ही खाल्लात, म्बाक."

ते काय म्हणाले हे कळायला मला पामोर समजून घ्यावा लागला. केरिसचं पातं एका लोखंडाचं नसतं. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकावर एक ठेवून तापवायचं, ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. असे पदर झाले की मधे धारेसाठी पोलादाची पट्टी घालून दोन्ही बाजूंनी ते पदर चढवायचे. पात्याला आकार देताना हे पदर कुठे उघडे पडतात त्यावर नक्षी ठरते, आणि त्या नक्षीला पामोर म्हणतात. जुन्या काळी निकेलवालं लोखंड सुलावेसीतल्या लुवूहून यायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी प्रांबाननजवळ उल्का पडली, ती सोलोच्या दरबाराने आणून ठेवली आणि तिच्या तुकड्यांतून राजघराण्याचे केरिस झाले. आजचे एम्पू बाजारातलं शुद्ध निकेल वापरतात. माझ्या पात्याचा पामोर म्हणे वोस वुताह. म्हणजे सांडलेले तांदूळ. पदर पृष्ठभागाला समांतर असल्यामुळे प्रत्येक दाणा कागदाइतकाच जाड असतो. मी घासणीने तो कागद फाडला होता.

मी विचारलं, परत आणता येईल का? म्बाहनी नकारार्थी मान हलवली. आणखी घासलं तर खालचा दुसरा दाणा वर येईल, पण पातं तेवढं झिजेल, आणि मग त्याच्या शेजारचंही घासावं लागेल. "असं करत करत पेसीच उरते," म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या डब्यातून एक केरिस काढून दाखवला. सुरीसारखा अरुंद, धारेला कुरतडल्यासारखा. कुणीतरी दर वर्षी मनापासून स्वच्छ केलेला.

काम त्यांनी मलाच दिलं. मी पैसे द्यायला तयार होते, पण "धुणं तुम्हीच करा, काळं मी करून देईन" असं ठरलं.

धुण्याला इथे मुतिह म्हणतात, पांढरं करणं. पातं नारळाच्या पाण्यात बुडवायचं. कोवळ्या शहाळ्याचं नाही, जून नारळाचं. बाजारात ओलं खोबरं खवून विकणाऱ्या बायका ते पाणी ओतूनच देतात, त्यामुळे एका बाईने मला बादलीभर फुकट दिलं. त्याचं मी काय करणार हे कळल्यावर आणखी एक नारळही दिला. पीव्हीसीच्या पाइपाला खालून बूच लावून त्यात पातं उभं सोडलं. दोन दिवसांत पाणी आंबून ताडीसारखा वास सुटला, मुंग्यांची रांग लागली, आणि माझ्या घरमालकीणबाईंनी "म्बाक, काही मेलंय का?" असं विचारलं. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. रोज संध्याकाळी पातं काढून त्यावर कागदी लिंबू पिळायचं आणि रिठ्याच्या फेसाने जुन्या दाताच्या ब्रशने घासायचं, तेही बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने. रिठ्याला इथे लेराक म्हणतात. चांगलं बाटिकही त्यानेच धुतात, म्हणून तो ओळखीचा होता. ऑक्झॅलिकने काही तासांत केलं ते काम या आंबटगोड पाण्याने अकरा दिवस घेतले. पण हे पाणी गंज सोडवतं आणि लोखंडाला मात्र जेमतेम चाटतं. गंज तुकड्या-तुकड्यांनी सुटायचा. ब्रशखाली खडूसारखा चुरा, मग काळी पापुद्री, मग एकदम राखाडी कातडी. जिथे पापुद्री निघायला तयार नव्हती तिथे म्बाहनी सांगितलं होतं, नख लावायचं नाही, उद्या तीच सुटेल. आणि ती सुटायची.

अकराव्या दिवशी पातं फिक्कट राखाडी झालं, जवळजवळ पांढरं. नक्षी नाही, चमक नाही, बारीक खड्डे तेवढे दिसतात. मला ते बघून ब्लीचिंगमधून आलेला कापडाचा तागा आठवला, आणि त्या क्षणी सगळंच लख्ख झालं. मी गंज काढणं हेच काम समजत होते. हे तर रंगकाम आहे! आधी स्कोअरिंग, म्हणजे मळ-तेल काढणं, मग ब्लीच, मग रंग. कापड नीट पांढरं झालं नसेल तर रंग कधीच सारखा चढत नाही. आणि इथे रंग चढू द्यायचा नाही अशी जागा कोणती? निकेल. बाटिकमध्ये मेण रंग अडवतं, तेच. गेली दोन वर्षं रोज ज्या गोष्टीवर पोट भरत होते ती माझ्याच ओट्यावर पडली होती, आणि मी तिला घासणी मारली होती.

पातं वाळवून, तेल लावून म्बाहना दिलं. ते म्हणाले, आता सुरोपर्यंत थांबा.

सुरो हा जावाचा पहिला महिना, मोहरमशी जुळणारा. नाव आशुरावरून आलेलं. गंमत पुढे आहे. १६३३ साली माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने चांद्र हिजरी महिने घेतले, पण वर्षांचा आकडा मात्र चालत आलेला शकाचाच ठेवला. तेव्हा शके १५५५ होतं. आपलं शक सूर्याच्या चालीने गेलं, यांचं चंद्राच्या. त्यामुळे २०१८ साली आपल्याकडे शके १९४० चालू होतं आणि सोलोत १९५२ उजाडत होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो तसं इथे सुरो महिन्यात केरिस धुतात, जामासान म्हणतात त्याला. त्या वर्षी सुरोची पहिली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. आदल्या मध्यरात्री सोलोच्या थोरल्या राजवाड्यातून (मंकुनगरन नव्हे) पांढऱ्या म्हशींची मिरवणूक निघते ती बघायला गेले. एवढी गर्दी, पण बोलायचं नाही असा नेम. त्याच आठवड्यात गणेश चतुर्थी. माझ्या खोलीत मातीचा छोटा गणपती, आणि मोदकांना खवलेलं खोबरं त्याच बाईकडचं. या वेळी पाणी घेतलं नाही म्हणून तिला आश्चर्य वाटलं.

त्या रविवारी सहकारी मला लावू डोंगराच्या उतारावरच्या सुकुह मंदिरात घेऊन गेला. मंदिर पंधराव्या शतकातलं. तिथे एका शिळेवर लोहारशाळा कोरलेली आहे. डावीकडे भीम पातं घडवतोय, उजवीकडे अर्जुन नळ्यांचा उभा भाता हलवतोय, आणि दोघांच्या मधे एक पाय उचलून गणपती नाचतोय. चौथीचा प्रसाद पोटात असताना असा गणपती भेटला की काय बोलणार! मी बराच वेळ भीमाच्या हातातल्या पात्याकडे बघत बसले. सहकाऱ्याला वाटलं मी देवाला नमस्कार करतेय.

काळं करायचा दिवस शनिवार ठरला, कडक उन्हाचा. या कामाला वारांगान लागतं. वारांगान म्हणजे आर्सेनिकचा खडा, आपल्याकडच्या मनशीळ-हरताळाच्या कुळातला. पोथीतली चुकलेली अक्षरं आपण हरताळ फासून बुजवत होतो, तोच हा. इथे तो बुजलेलं वर काढतो. खड्याची पूड लिंबाच्या गाळलेल्या रसात मुरवून ठेवतात, आणि जितकं जुनं तितकं चांगलं. म्बाहची बरणी त्यांच्या वडिलांच्या वेळची, रस संपला की वरून भर घालायची. विरजण लावावं तसं. केमिस्ट म्हणून मी एवढंच सांगते, हे विष आहे. घरी ओट्यावर करायचं काम नाही. मी हातमोजे घातले. म्बाहनी घातले नाहीत. मी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं.

पात्याला पुन्हा लिंबू-रिठा लावून तेलाचा अंश काढला. पुसून दहा मिनिटं उन्हात ठेवलं, हाताला कोमट लागेपर्यंत. मग म्बाहनी मऊ ब्रश बरणीत बुडवून पात्यावरून एकदा लांब ओढला. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा ओढला. राखाडी किंचित गढूळ झाली, पावसाआधी आभाळ होतं तशी. तिसऱ्या वेळी ते ब्रश ठेवून बोटानेच चोळायला लागले, आणि लोखंड खालून काळं पडत आलं. निळसर काळं, आणि त्यात ठिपके उरले. आधी दोन-चार, मग ओंजळभर. कुणी तांदूळ निवडताना सूप हिंदकळलं आणि दाणे जमिनीवर पसरले, अगदी तसे. काही गोल, काही लांबट, काही एकमेकांना चिकटून ओघळलेले. लॅबमध्ये हजारो शेड उतरताना बघितलेत, पण माझ्या तोंडून आवाज निघाला तो तेव्हाच.

टोकाशी मात्र एक तपकिरी पट्टा आला, रंग न धरलेला. "इथे कुणी धरलं होतं?" मीच. उन्हात ठेवताना मोजा काढून दोन बोटांनी. पॅची डाइंगची असली कारणं मी कामगारांना रोज सुनावते. तेवढा भाग धुऊन पुन्हा केला. एकूण तीन हात झाले, प्रत्येक हातानंतर रिठ्याने धुणं, पाणी, ऊन. लिंबाचा अंश मागे राहिला तर महिन्याभरात आतून गंज फुटतो म्हणून शेवटचं धुणं सगळ्यात लांबलं.

माझा अंगठ्याएवढा डाग तसाच आहे. तिथे काळं आलं, पण दाणा नाही. शेजारचा तांदूळ त्याच्या कडेपर्यंत येतो आणि थांबतो.

पुढचं भराभर झालं. गांजा म्बाहनी ठोकून घट्ट बसवली. पेसीला सुती दोरा गुंडाळून मूठ चढवली. चिकटवायची नाही, पुढच्या धुण्याला निघाली पाहिजे. म्यानाचा वरचा होडीसारखा भाग तिमोहो लाकडाचा होता, काळ्या डागांचा. चीर बुजवून तोच ठेवला. खालची नळी मात्र त्यांनी टाकून दिली, कारण आतल्या लाकडात गंज आणि ओल मुरलेली. नव्या नळीत पातं गांजावर टेकून लोंबतं, टोक कुठेच लागत नाही. नळीवर चढवायचं पितळी कवच, पेंदोक, हे तेवढं मला येण्यासारखं होतं. चिंचेने घासलं, आपल्या समईसारखं लखलखलं. म्बाहना ते जरा जास्तच वाटलं असावं, पण बोलले नाहीत. शेवटी तेल, शिलाई मशीनचं पातळ तेल आणि त्यात चंदनाचे काही थेंब. या सगळ्याला लागलेला पैसा मेहरपेक्षा जास्त झाला.

पुढच्या वर्षी सुरोची पहिली १ सप्टेंबरला आली. वर्षभरात मी तो चार वेळा उघडला, पुसला, तेलाचं बोट फिरवलं. पावसाळ्यात गांजाच्या सांध्यात एक नारिंगी ठिपका आला, मोहरीएवढा, तो लिंबात बुडवलेल्या बांबूच्या काडीने काढला. सुरोला दोन किलो कागदी लिंबं, रिठे आणि हातमोज्यांचे दोन जोड घेऊन म्बाहकडे गेले.

त्यांनी केरिस कपाळाला लावला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, डागाजवळ क्षणभर थांबले आणि परत म्यानात घातला.

"रंग चांगला आहे. यंदा काही करायचं नाही."

"मग ही लिंबं?"

त्यातल्या सहांचं सरबत झालं. साखर जास्त पडली होती.